गाडीला जादा दिवे लावताना: वायर, फ्यूज आणि रिले यांचा हिशोब

जालन्यातून कापडाचे गठ्ठे घेऊन तालुक्याच्या व खेड्यांच्या आठवडी बाजारांना जाणाऱ्या गाड्या पहाटे अंधारात निघतात आणि रात्री अंधारातच परत येतात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद, कोणताही रस्ता घ्या, गाव मागे पडले की रस्त्यावर दिवा नसतो. मोसंबीचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांची अडचण याहून मोठी असते. त्यांची पिकअप डांबरी रस्ता सोडून काळ्या मातीच्या पाणंदीने थेट बागेपर्यंत जाते, तिथे रात्री माल भरला जातो आणि पहाटेच्या आत गाडी बाजारात पोहोचवायची असते. अशा गाड्यांना कंपनीचे दोन दिवे पुरत नाहीत अशी सर्वांची तक्रार असते, आणि मग पुढच्या बंपरवर किंवा टपावर जादा दिवे बसवले जातात. पूर्वी हे पिवळे हॅलोजन फोकस असत, आता एलईडीची लांब पट्टी असते.

दिवा विकत घेणे सोपे आहे. दुकानात वीस प्रकार मिळतात. पण तो गाडीला जोडायचा कसा, याचा विचार फार थोडे लोक करतात. चार स्क्रू, दोन वायर, थोडी काळी चिकटपट्टी, अर्ध्या तासात काम संपते आणि मालक खुश होऊन घरी जातो. माझा धंदा कापडाचा, गॅरेजचा नाही. परंतु ज्याच्या गाडीत दररोज लाखाच्या साड्या व ड्रेस मटेरियल फिरते, त्याला हा विषय समजून घ्यावाच लागतो. सिंथेटिक कापड पेटले की ते वितळत जळते, विझवायला वेळ मिळत नाही. गाडीतली एक गरम झालेली वायर व वर्षभराची पुंजी यांच्यात केवळ पत्र्याचा एक पडदा असतो.

आधी एक गोष्ट तपासावी. जादा दिव्यांची गरज खरोखर आहे का? जुन्या गाड्यांचे हेडलाईट मंद दिसतात त्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. काच पिवळी पडलेली, आतला रिफ्लेक्टर काळा झालेला, होल्डरचे पॉइंट जळालेले किंवा अर्थची वायर गंजलेली. हॅलोजन दिव्याला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर उजेड दहा टक्के नव्हे, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे दीड-दोनशे रुपयांची सफाई व नवा होल्डर एवढ्यावर काम भागण्याची शक्यता असते. यावर उपाय म्हणून 60/55 वॅटचा बल्ब काढून 100/90 वॅटचा बसवण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती चुकीची आहे. कंपनीची वायर, स्विच व होल्डर तेवढ्या भारासाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळतो, आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

समोरच्याचे डोळे म्हटले म्हणजे कायद्याचा विषय आला. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 111 स्पष्ट आहे. कोणत्याही मोटार वाहनाच्या पुढील बाजूस स्पॉट लाईट किंवा सर्च लाईट लावता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत लावायचा असेल तर नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे परिवहन कार्यालयाची, आधी मंजुरी घ्यावी लागते. नियम 106 पुढच्या उजेडाच्या झोताविषयी आहे. दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, अर्धा मीटर उजवीकडे व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला तो झोत दिपवणार नाही इतका तो खाली वळलेला असला पाहिजे. दीड मीटर म्हणजे साधारण मोटारसायकलस्वाराच्या डोळ्यांची उंची. टपावर बसवलेली एलईडीची पट्टी या नियमात कशी बसेल, हे आपणच ठरवा. शिवाय 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 182-अ हे कलम आले, त्यात परवानगी नसलेला बदल गाडीत करणाऱ्या मालकासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली. दिव्यावर कव्हर चढवले म्हणजे काम झाले, असे काही लोक सांगतात. कव्हर चढवणे चांगले, पण त्याने परवानगीची गरज संपत नाही.

मग बागेत, शेतात काम कसे करायचे? माझ्या मते इथे थोडा वेगळा विचार करावा. माल भरताना उजेड गाडीच्या पुढे लागत नाही, तो मागे हौद्यापाशी व बाजूला लागतो. त्यासाठी हौद्याच्या आत, खालच्या दिशेने तोंड असलेला एक छोटा कामाचा दिवा पुरतो. दुसरा मार्ग म्हणजे गाडीला बाहेरून एक सॉकेट काढून ठेवावे व लोहचुंबकाच्या बुडाचा सुटा दिवा बागेत गेल्यावर त्यात लावावा, निघताना काढून पेटीत ठेवावा. खड्ड्यातून गाडी काढायची असेल तर हाच दिवा क्लीनर हातात धरून पुढे चालू शकतो. कामाचा दिवा कोणताही असो, गाडी रस्त्यावर धावताना तो बंद असलाच पाहिजे. त्यासाठी डॅशबोर्डवर एक लाल निशाणीचा बल्ब जोडून घ्यावा, म्हणजे मागचा दिवा चालू राहिला हे ड्रायव्हरच्या ध्यानात येईल.

पुढे मंजुरी घेऊन लावलेला असो की मागे हौद्यात लावलेला असो, जोडणीची रीत एकच आहे. आता तिच्याकडे वळू.

वीज ही पाण्यासारखी समजली तर हिशोब सोपा होतो. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, अँपिअर म्हणजे नळातून वाहणारे पाणी, आणि वॅट म्हणजे दोन्हींचा गुणाकार. पिकअप व छोट्या टेम्पोत साधारणपणे 12 व्होल्टची बॅटरी असते, मोठ्या ट्रकमध्ये 24 व्होल्टची यंत्रणा असते. 55 वॅटचे दोन हॅलोजन दिवे म्हणजे 110 वॅट. त्याला 12 ने भागले की सव्वानऊ अँपिअरच्या आसपास येते. 120 वॅटची एलईडी पट्टी दहा अँपिअर घेईल. स्वस्त एलईडीच्या खोक्यावरचा वॅटचा आकडा बऱ्याचदा फुगवलेला असतो, खरा खप कमी निघतो. तरी वायर निवडताना खोक्यावरचाच आकडा धरावा, त्यात नुकसान काही नाही. तोच दिवा 24 व्होल्टचा असेल तर अँपिअर निम्मे होतात. म्हणून ट्रकचे सामान पिकअपला आणि पिकअपचे ट्रकला लावू नये. रिलेसुद्धा त्या-त्या व्होल्टचाच घ्यावा.

आता वायर. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला इथे एक खबरदारी सांगावीशी वाटते. सुताचा काउंट जितका मोठा तितके सूत बारीक, साठ काउंटचे सूत वीस काउंटपेक्षा पातळ. जुन्या गेज पद्धतीत वायरचेही तसेच होते, नंबर वाढला की तार बारीक. परंतु आता दुकानात वायर चौरस मिलिमीटरमध्ये मिळते, तिथे हिशोब सरळ आहे, आकडा मोठा तर तांबे जास्त. दुकानदार कोणत्या भाषेत बोलतो आहे ते आधी विचारून घ्यावे.

वायर बारीक पडली तर काय होते ते आकड्यांनीच पाहू. बॅटरीपासून बंपरवरच्या दिव्यापर्यंत वळणे घेत जाणारी वायर चार मीटर धरा. अर्धा चौरस मिलिमीटरची वायर वापरली व तिच्यातून नऊ अँपिअर गेले, तर सव्वा व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. म्हणजे पैसे दोन दिव्यांचे दिले आणि उजेड दीड दिव्याचाही मिळत नाही. उरलेली वीज जाते कुठे? अकरा वॅटच्या जवळपास उष्णता होऊन ती वायरमध्येच राहते. ही वायर इतर दहा वायरींबरोबर पट्टीने घट्ट गुंडाळलेली असेल व वरून इंजिनची गरमी असेल, तर तिचे आवरण मऊ पडायला फार दिवस लागत नाहीत. त्याच जागी अडीच चौरस मिलिमीटरची वायर घातली तर नुकसान पाव व्होल्टवर येते. दोन वायरींच्या भावात जो फरक पडतो तो एका जेवणाच्या खर्चाएवढाही नसतो.

वायर गाडीसाठी बनवलेली, अनेक बारीक तारांची, लवचिक अशीच घ्यावी. घराच्या फिटिंगमधून उरलेली जाड एकेरी तार गाडीत चालत नाही, ती धक्क्यांनी आतून तुटते आणि वरून दिसत नाही. दुसरी फसवणूक आजकाल मोठी आहे. बाहेरून तांब्याचा मुलामा व आत अॅल्युमिनियम अशी वायर तांब्याची म्हणून विकली जाते. आपण दुकानात सुताचा धागा काडेपेटीने जाळून पाहतो, राख झाली तर कॉटन, गोळी झाली तर पॉलिस्टर. वायरची पारखही तशीच आहे. एक तार ब्लेडने खरवडून पाहावी, आत पांढरी चमक दिसली तर ती तांब्याची नाही. हातात घेतली तरी हलकी लागते. अशी वायर तेवढ्याच जाडीत कमी वीज वाहते, जास्त तापते आणि जोडाजवळ लवकर खराब होते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते फ्यूजकडे. "सेठ, फ्यूजची काय गरज, सरळ जोडून देतो, कधी बंद पडणार नाही," हे वाक्य मी स्वतः ऐकलेले आहे. सांगणारा कारागीर हाताचा चांगला होता, त्याची नियतही वाईट नव्हती, त्याच्या उस्तादाने त्याला तसेच शिकवले होते. पण गाडीची बॅटरी किती जोरदार असते याचा अंदाज घ्या. स्टार्टर फिरवताना ती शंभर अँपिअरहून जास्त देते. वायरचे आवरण घासून तांबे चेसिसला टेकले की हा सगळा जोर त्या एका वायरीतून धावतो, आणि वायर हीटरच्या कॉइलसारखी लाल होते. स्विच बंद केला तरी उपयोग नाही, कारण बिघाड स्विचच्या अलीकडे झालेला असतो.

फ्यूज म्हणजे व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला ठरवून दिलेली उधारीची मर्यादा. ती दिव्याच्या नव्हे, वायरीच्या कुवतीवर ठरते. दिव्याला लागणाऱ्या अँपिअरच्या सव्वापट, त्याच्या वरचा जो फ्यूज बाजारात मिळतो तो घ्यावा, आणि वायर त्या फ्यूजपेक्षा जास्त वाहू शकेल अशी असावी. वरच्या उदाहरणात सव्वानऊचे सव्वापट म्हणजे साडेअकरा, म्हणून 15 अँपिअरचा निळा फ्यूज, आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर. पात्याच्या फ्यूजचे रंग सर्वत्र ठरलेले आहेत, लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस.

फ्यूजची जागा बॅटरीच्या धन टोकाजवळ, एका वितीच्या आत असावी. काही ठिकाणी फ्यूज दिव्याजवळ बसवलेला दिसतो. त्याने दिवा वाचतो, पण बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडीच राहते. शटर उघडे टाकून गल्ल्याला कुलूप लावण्यातला हा प्रकार आहे.

फ्यूज उडाला तर त्याने आपले काम केले असे समजावे व कारण शोधावे. पंधराचा उडतो म्हणून तीसचा घालणे, किंवा तारेचा तुकडा वा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे आग लागण्याची व्यवस्था करणे होय. माझ्या ओळखीतल्या एका कापड व्यापाऱ्याच्या टेम्पोत असेच झाले होते. बाजार करून परतताना ड्रायव्हरला जळक्या रबराचा वास आला. त्याने गाडी बाजूला घेऊन बॅटरीची वायर उपटली म्हणून गठ्ठे वाचले, पण डॅशबोर्डच्या मागचे सगळे वायरिंग एकमेकांत वितळून गेले होते. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा निघाला. नव्या वायरिंगचा खर्च व गाडी उभी राहिल्यामुळे बुडालेले बाजार यांची बेरीज त्या दिव्यांच्या किमतीच्या कितीतरी पट झाली.

आता रिले. दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून नेला तर स्विचचे पॉइंट जळतात आणि जाड वायर विनाकारण केबिनमध्ये आणावी लागते. रिले हा मधला मुनीम आहे. मालक केबिनमधून इशारा करतो, माल मुनीम हलवतो. इशाऱ्याला अँपिअरचा पाचवा भागही लागत नाही, म्हणून स्विचपर्यंतची वायर एक चौरस मिलिमीटरची पुरते. साध्या चार पायांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात. 30 नंबरच्या पायाला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर. 87 नंबरवरून दिव्यांकडे जाणारी जाड वायर. 86 ला स्विचकडून येणारी बारीक वायर, आणि 85 ला अर्थ. पाच पायांच्या रिलेत 87-अ असा एक जादा पाय असतो, तो स्विच बंद असताना चालू राहतो, त्याला काही जोडू नये. रिले पाण्याचा शिंतोडा येणार नाही अशा जागी, पाय खाली करून बसवावा. पाय वर राहिले तर पावसाळ्यात पाणी आत साचते.

स्विचला वीज कुठून द्यायची, हाही विचाराचा प्रश्न आहे. मागच्या कामाच्या दिव्यासाठी ती किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या, फ्यूज असलेल्या लाईनवरून घ्यावी, म्हणजे गाडी बंद करून ड्रायव्हर घरी गेला तर बॅटरी उतरणार नाही. पुढच्या मंजूर दिव्यासाठी ती हेडलाईटच्या अप्पर लाईनवरून घेतली जाते. समोरून गाडी आली, डिप्पर मारला की जादा दिवेही आपोआप विझतात. मात्र काही गाड्यांत हेडलाईटचा स्विच धन बाजूने नव्हे तर अर्थच्या बाजूने चालतो, तिथे वरची जोडणी उलटी पडते. म्हणून वायर कापण्याआधी टेस्ट लॅम्पने पाहणे जरुरीचे आहे. अलीकडच्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते. अशा गाडीत कंपनीच्या वायरीला कुठेही छेद दिला तर डॅशबोर्डवर दोष दिसू लागतो, गाडी वॉरंटीत असेल तर वादही होतो. तिथे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारूनच हात घालावा. सीएनजीच्या गाडीत सिलिंडर व त्याच्या नळ्यांजवळून नवी वायर नेऊच नये.

अर्थविषयी थोडक्यात. अर्धी वायरिंग अर्थची असते, पण तिला कोणी किंमत देत नाही. रंगावर स्क्रू पिळला म्हणजे अर्थ मिळाला असे नाही. तेवढ्या जागेचा रंग घासून पत्रा उघडा करावा, थिंबल लावून बोल्टने आवळावे व वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे म्हणजे गंज धरणार नाही. अर्थची वायर धन वायरीइतकीच जाड हवी. दिवा चालू केल्यावर लुकलुकत असेल तर आधी अर्थच पाहावा.

जोड हा कारागिराच्या हुनराचा खरा पुरावा. दोन तारांना पीळ देऊन वरून पट्टी गुंडाळलेला जोड नवा असताना चालतो. सहा महिन्यांनी गरमीने पट्टीचा चिकटा सुटतो, आत ओलावा जातो, तांबे हिरवे पडते, आणि तो जोड वायरीच्या सगळ्यात गरम जागांपैकी एक होतो. थिंबल योग्य पकडीने दाबून लावावे व त्यावर गरम करून आवळणारी नळी चढवावी. साध्या पक्कडने चेपलेले थिंबल ओढून पाहा, हातात येते. शक्य तेथे मध्ये जोडच ठेवू नये, अखंड वायर वापरावी. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबराचे ग्रोमेट हवेच, नाहीतर पत्र्याची धार रोज थोडी थोडी आवरण कापत राहते. वायर खोबणीदार प्लास्टिकच्या पाइपातून न्यावी, दर वितीवर क्लिपने बांधावी. सायलेन्सर, पंख्याचा पट्टा, स्टिअरिंगचा रॉड व डिझेलची नळी यांच्यापासून ती दूर असावी. दिव्यात शिरण्यापूर्वी वायरीला खालच्या बाजूला एक झोळ द्यावा, पाणी तिथून टपकून जाते.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचा ऋण टोकाचा क्लॅम्प आधी काढावा, आणि काम संपल्यावर तो सर्वांत शेवटी लावावा. उलटे केले तर धन टोकावरचा पाना बॉडीला लागताच मोठी ठिणगी पडते. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो, हे ध्यानात असू द्यावे.

जोडणी झाली की लगेच पैसे देऊन निघू नये. इंजिन चालू ठेवून सगळे दिवे वीस मिनिटे पेटते ठेवावेत. नंतर फ्यूजचा होल्डर, प्रत्येक जोड व वायर हाताने चाचपावी. कोमट लागले तर ठीक, बोट ठेववत नसेल तर तिथे काहीतरी चुकले आहे. मल्टीमीटर असेल तर बॅटरीवरचे व दिव्याच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. आठवडाभर गाडी खड्ड्यातून फिरली की एकदा सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

विम्याचा मुद्दा आपले लोक विसरतात. गाडीच्या विम्यात कंपनीतून आलेल्या सामानाची किंमत धरलेली असते. बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणे वेगळी लिहून द्यावी लागतात व त्यांचा जादा हप्ता भरावा लागतो. न लिहिलेल्या व नियमात न बसणाऱ्या वायरिंगमुळे आग लागली, तर सर्व्हेअरच्या प्रश्नांना उत्तर देणे कठीण जाते. गाडीतला माल तर गाडीच्या विम्यात येतच नाही, त्याचा विमा निराळा असतो.

गॅरेज लाईनमधल्या आपल्या कारागीर बांधवांना एक विनंती आहे. बिलावर "लाईट फिटिंग" एवढेच लिहू नका. वायर किती चौरस मिलिमीटरची, फ्यूज किती अँपिअरचा, रिले कोणत्या व्होल्टचा, हे लिहून द्या. चार ओळी लिहिल्या की गिऱ्हाइकालाही कळते की दुसऱ्याने दोनशे रुपये कमी का सांगितले. आणि आम्ही व्यापाऱ्यांनीही मजुरीवर घासाघीस करताना थोडे थांबावे. साडीच्या पोतात फरक असतो हे गिऱ्हाइकाला समजावताना आपला घसा सुकतो, मग वायरीच्या पोताचा फरक आपल्याला का समजू नये?

दिव्यांच्या खर्चाबरोबर आणखी एक खर्च करावा असे मला वाटते, आणि तो सगळ्यात स्वस्त आहे. उसाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात रात्री रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, स्टीलच्या कारखान्यांतून सळई घेऊन निघालेले ट्रेलर असतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. आपल्या गाडीला पुढे कितीही उजेड असला तरी मागून येणाऱ्याला आपण दिसत नसलो तर काय उपयोग? मागच्या फाळक्यावर लाल व पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावावी, मागचे दोन्ही लाल दिवे रोज निघण्यापूर्वी पाहावेत. त्याला ना रिले लागतो ना फ्यूज.

ज्यांनी जादा दिवे आधीच बसवले आहेत त्यांनी बॉनेट उघडून एवढेच पाहावे की बॅटरीच्या धन टोकावरून निघालेल्या प्रत्येक जादा वायरीला एका वितीच्या आत फ्यूज आहे की नाही. नसेल तर तो बसेपर्यंत ती वायर टोकावरून सोडवून, टोक झाकून ठेवावे. आणि असेल तर त्याच रंगाचे दोन फ्यूज डॅशबोर्डच्या खणात ठेवून ड्रायव्हरला दाखवून द्यावेत, म्हणजे रात्री मंठ्याच्या रस्त्यावर त्याला सिगारेटचे पाकीट शोधावे लागणार नाही.